उंबरठ्यावरचा गालिचा

मी शेडमध्ये पाऊल टाकले तेव्हा तिथला कारागीर बाबालाल मुल्ला गाडीत गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या मांडीवर लाल गालिच्याचा एक मोठा तुकडा पसरलेला होता. कात्रीने तो त्याची कड कापीत होता. कापल्या जाणाऱ्या कडेतून लाल केस उडत होते. ते त्याच्या भुवयांवर, ओठांवर आणि गाडीच्या स्वच्छ तळावर जाऊन चिकटत होते. गालिच्याच्या पाठीला रबर होते, आणि बंद पेटीत वर्षानुवर्षे पडलेल्या ओल्या चिंध्यांचा असावा तसा एक कोंदट वास त्यातून येत होता. मी उपरण्याचे टोक नाकाशी धरले.

“बाबालाल, हे काय?”

“गालिचा हाय, शास्त्रीबुवा.”

“ते मला दिसते आहे. कोणी सांगितले?”

त्याने कात्री थांबवली, माझ्याकडे न पाहता शेडच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि हलकेच म्हटले, “मालकांनी.”

मालक म्हणजे मुकुंद, माझा पुतण्या. माझा धाकटा भाऊ आणि भावजय एका वर्षाच्या अंतराने गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून तो माझ्याच घरी वाढला. कोल्हापुरातल्या एका पाठशाळेत मी व्याकरण शिकवीत असे. त्यालाही शिकवले. पहाटे उठून तो शब्दरूपे बिनचूक म्हणायचा, पण त्याचे चित्त उद्यमनगरातल्या भट्ट्यांकडे आणि लेथयंत्रांकडे होते. मी त्याला अडवले नाही. आपली उपासना ज्याने त्याने करावी, एवढे मला कळत होते.

त्या वेळी सहा वर्षे तो एकच गाडी घडवीत होता. दोन माणसांची, बुटकी, बिनदारांची, बिनटपाची, शर्यतीची गाडी. ती हलकी असावी हा त्याचा एकमेव ध्यास. किराणा दुकानातून आणलेल्या जुन्या पारड्यांच्या काट्यावर तो प्रत्येक खिळा, प्रत्येक चाकी तोलून वहीत लिहायचा, आणि एखाद्या पट्टीला भोके पाडून तिचे चाळीस ग्रॅम उतरले की जेवताना मला सांगायचा. मला त्याचा अभिमान वाटे. सूत्र रचणाऱ्याने ज्या निष्ठेने अनावश्यक अक्षर गाळावे, त्या निष्ठेने माझा मुलगा लोखंड गाळीत होता. तो भावाचा, पण मनात मी माझाच म्हणत असे.

त्या गाडीला स्वतंत्र सांगाडा नव्हता. मुकुंदाने मला ते अनेकदा समजावले होते. दोन्ही बाजूंना अल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे पोकळ, गुडघाभर उंचीचे उंबरठे, आणि त्यांना खळीसारख्या एका कठीण द्रव्याने चिकटवलेला तळाचा पत्रा. तीच गाडीची हाडे. दार नसल्यामुळे आत बसायचे तर तो उंबरठा ओलांडूनच जावे लागे. मी रोज सायंकाळी पाठशाळेतून परतताना शेडमध्ये जाई, वहाणा बाहेर काढी, पाय पुशी, उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला नेई आणि अनवाणी आत जाऊन घटकाभर बसे. तळव्यांना तो गार, उघडा पत्रा लागला की कुठल्याशा निर्मळ जागी आल्यासारखे वाटे. मुकुंद त्याचे काम करीत राही. आम्ही फारसे बोलत नसू.

आता त्या पत्र्यावर गालिचा चढत होता. उजवी बाजू पुरी झाकून झाली होती, उंबरठ्यासकट. डावीकडचे काम चालू होते.

“मुकुंदा,” मी हाक मारली.

तो हात पुसत आला. गेल्या काही दिवसांत त्याचे डोळे ओढल्यासारखे झाले होते.

“गालिचा नको, हा निर्णय आपण श्रावणात केला होता ना?”

“केला होता, काका.”

“मग?”

“लोकांना आवडतं,” तो म्हणाला. “उघडा पत्रा बरा दिसत नाही.”

एवढेच. सहा वर्षे चाळीस-चाळीस ग्रॅमसाठी झगडलेल्या माणसाने उच्चारलेले ते वाक्य ऐकून मला त्या गालिच्याच्या वासाहून अधिक किळस आली.

श्रावणातली गोष्ट सांगितली पाहिजे. बेळगावचे दिनकर केंभावी हे गृहस्थ तेव्हा प्रथम गाडी पाहायला आले. तरुण मुलामुलींना शर्यतीची गाडी चालवायला शिकवण्याची त्यांची शाळा होती आणि तिच्यासाठी त्यांना अशा आठ गाड्या हव्या होत्या. त्यांची अट एकच होती. गाडी पाचशे किलोच्या आत भरली पाहिजे, कारण त्यांची मुले ज्या वर्गाच्या शर्यतींत उतरत त्या वर्गाची तीच मर्यादा होती. आठ गाड्यांचे काम मिळाले तर मुकुंदाच्या शेडचा कारखाना होणार होता. न मिळाले तर त्याला पुन्हा पंपांचे सुटे भाग कातत बसावे लागणार होते. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

केंभावींनी गाडी मनापासून पाहिली. फक्त तळाकडे पाहून म्हणाले की मुलांचे आईवडील बघायला येतात, उघडा पत्रा पाहून त्यांना वाटते की गाडी अर्धीच झाली आहे. जरा गालिचा टाकला तर आवाजही कमी होईल. मुकुंदाने तत्काळ वही उघडली आणि गालिच्याचे वजन सांगितले. चार किलो सातशे. गाडी आज चारशे सत्त्याण्णव भरते, गालिच्याने ती पाचशेच्या बाहेर जाते. केंभावी म्हणाले की मग दुसरीकडून काही उतरवा. मुकुंद म्हणाला की उतरवण्यासारखे आता माझ्या अंगावरचे मांसच उरले आहे. दोघे हसले, पण कोणी मागे हटेना.

शेवटी केंभावी माझ्याकडे वळले. “शास्त्रीजी, तुम्ही सांगा बघू. तुम्ही म्हणाल ते आम्हा दोघांना मान्य.”

मला वयाच्या चौदाव्या वर्षीची एक दुपार आठवली. एका इनामदाराकडे आम्हा विद्यार्थ्यांना मंत्रपठणासाठी नेले होते. दिवाणखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता. उठताना मी तळहात खाली टेकला तो कशात तरी थबकन बसला. तूप होते, की कुत्र्याची लाळ, की आणखी काही, हे मला आजही माहीत नाही. वरून गालिचा कोरडा आणि शोभिवंत दिसत होता. मी दिवसभर हात धूत होतो.

ती हकीकत मी त्यांना सांगितली आणि म्हटले, “जे पुसता येत नाही ते स्वच्छ नाही. गालिचा घाण जिरवतो आणि वर रंग दाखवतो. या गाडीत लपवण्यासारखे काही नाही. मग तो कशाला?”

केंभावी मोकळे हसले. “झालं. निकाल लागला.” मुकुंदाने वाकून मला नमस्कार केला. तो थट्टेत केला होता, तरी त्याचे डोळे थट्टा करीत नव्हते.

त्यानंतर खंडेनवमी आली. त्या दिवशी उद्यमनगरात सगळी यंत्रे बंद असतात. ती धुवून, पुसून, त्यांना झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होते. मुकुंदाने हातोड्या, कानशी, पाने, सगळे एका पाटावर मांडले होते आणि मध्ये गाडी उभी होती. पूजा मी सांगितली. नारळ वाढवण्याची वेळ आली तेव्हा बाबालालने बाहेर दारातला दगड दाखवला. त्या दगडावरून दिवसभर माणसे आणि कुत्री येत-जात. मला ते रुचले नाही. ज्याची पूजा त्याच्या उंबरठ्याशी नारळ वाढवावा, असे मी वडिलांकडून शिकलो होतो, आणि या वाहनाला तर प्रत्यक्ष उंबरठा होता. मी गाडीच्या उजव्या बाजूला बसलो, उंबरठ्याच्या आतल्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहिले आणि नारळ उचलला.

पहिल्या घावाला नारळ फुटला नाही. मुकुंदाने हात पुढे केला. त्याला नारळ धरायचा असेल असे वाटून मी मानेनेच नको म्हटले. न फुटलेला नारळ दुसऱ्याच्या हाती देऊ नये. दुसऱ्या घावालाही तो फुटला नाही. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हातांनी, पुऱ्या बळानिशी तो आपटला आणि पाणी तळभर पसरले. सर्वांना प्रसाद दिला. त्या दिवशी माझे मन फार प्रसन्न होते.

नंतरचे दोन आठवडे मी गेलो की गाडीवर ताडपत्री असे. रंग ओला आहे, मुकुंद सांगे. मी बाहेरच्या बाकावर बसून परत येई. आणि ताडपत्री निघाली तेव्हा आत गालिचा.

मी त्याच्याशी बोलणे सोडले. घरात आम्ही दोघेच, तरीही सोडले. तो वाढून द्यायचा, मी जेवायचो. त्याचे कपडे शेडमधून आले की त्यांवर लाल केस असत. एकदा माझ्या भातात एक निघाला. मी पान तसेच सारून उठलो. त्याने ते पाहिले, माझे पान उचलले, मोरीवर नेऊन घासले आणि काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला निर्लज्जपणाचे वाटले. घासाघीस न करता, वाद न घालता, दुसऱ्याच्या आवडीपुढे आपले व्रत टाकून देणारा मनुष्य मी घडवला, या विचाराने मला स्वतःच्या शिकवण्याचाही वीट आला होता.

एकदा मात्र तो स्वतःहून बोलला. पाडव्याच्या दिवशी ओवाळून घेताना, म्हणजे शेजारच्या काकूंनी ओवाळले तेव्हा, त्याने खाली पाहत म्हटले, “काका, चार दिवसांनी वजन आहे. तुम्ही येऊ नका. तिथं माश्या असतात फार.”

वजन गुळाच्या एका वखारीत व्हायचे होते. तिथे सपाट काटा होता, अर्ध्या किलोपर्यंत अचूक. नको म्हटल्यामुळेच मी गेलो. मला त्याची फजिती पाहायची होती, हे मी आज लिहू शकतो. त्या दिवशी मी त्या जाण्याला कर्तव्य म्हणालो होतो.

नव्या हंगामाचा गूळ वखारीत येऊन पडला होता. जमीन पायाला चिकटत होती. मी वहाणा बाहेर काढल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक पावलाला तळवा सोलून निघाल्यासारखा आवाज होई. माश्या खरोखरच फार होत्या. गाडी काट्यावर चढवली तेव्हा त्या लाल गालिच्यावर त्या अशा बसल्या की त्याचा रंग काळपट झाला. ढकलणाऱ्यांच्या पायांचा गूळ गालिच्याला लागला होता आणि त्याचे केस एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या. 

मला पाहताच मुकुंद थबकला. त्याच्या हातात एक लांब पाना होता, तो त्याने खिशात ठेवला, पुन्हा काढला. बाबालालने त्याच्याकडे पाहिले. मुकुंदाने नकारार्थी मान हलवली. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

काट्याचा आकडा स्थिर झाला. पाचशे तीन.

केंभावींनी आकडा पाहिला. मग गाडीत डोकावून हसत म्हणाले, “अहो, पण तुम्ही तर गालिचा नको म्हणून माझ्याशी भांडला होता की. ही काय गंमत? काढा तो, पुन्हा वजन करू.”

“नको, साहेब,” मुकुंद म्हणाला.

“का?”

“राहू दे. गाडी पाचशेच्या वर आहे. तसंच धरा.”

“तीन किलोसाठी आठ गाड्या घालवता?”

 केंभावींचे हसू मावळले. ते रागावले नव्हते. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने सोप्या प्रश्नाला उत्तर देऊ नये तेव्हा शिक्षक जसा पाहतो तसे ते पाहत होते. त्यांनी पुन्हा विचारले, समजावले. मुकुंद त्याच जागी, त्याच शब्दांत नको म्हणत राहिला, आणि मधूनमधून माझ्याकडे पाहून नजर खाली करीत राहिला. ती नजर मी अपराध्याची मानली.

माझ्याच्याने राहवेना. “केंभावी,” मी म्हटले, “त्याला कशाला विचारता? ज्याला स्वतःच्या शब्दावर उभे राहता येत नाही, त्याला पायाखाली काहीतरी मऊ लागते. मी याला नऊ वर्षांचा असल्यापासून वाढवला. आज त्याची शिसारी येते.”

वखारीतले हमाल थांबले. मुकुंदाचा चेहरा पांढरा पडला, पण तो माझ्यावर रागावलेला दिसला नाही, आणि त्यामुळे मी अधिकच चेतलो. मी काट्यावर चढलो, गाडीशी गेलो आणि उजव्या उंबरठ्यावरच्या गालिच्याची कड दोन्ही मुठींत धरली.

“काका, हात नका लावू. घाण आहे,” मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीचा होता.

मी ओढले. गालिचा चिकटवलेला नव्हता. त्याला टिचबटणे लावली होती. एकेक बटण टच् टच् सुटत गेले. चिकट, केसाळ, माश्यांनी भरलेला तो पदर माझ्या छातीशी आला, आणि खाली उंबरठ्याचा आतला कोपरा उघडा पडला.

तिथे वीतभर लांबीची एक नवी पट्टी होती. अकरा रिबिटांनी ठोकलेली, प्रत्येक रिबिट घासून सपाट केलेले. काम इतके नीटस होते की ते दागिन्यासारखे दिसले असते, पण पट्टीखालून एक तडा तळाच्या पत्र्यात उतरून बोटभर पुढे गेला होता, आणि तो थांबावा म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलेले होते. जिथे उंबरठा आणि तळ एकमेकांना चिकटवलेले होते तो सांधा उकलून पुन्हा भरला होता. त्या भरलेल्या द्रव्यात कुंकवाचा लाल रंग अडकून राहिला होता, आणि कुंकवात नारळाच्या शेंडीचा एक धागा.

केंभावी खाली बसले. त्यांनी चष्मा काढून पट्टी पाहिली, अंगठ्याने उंबरठा दाबला.

“हे कशानं झालं?”

“हातोडा पडला, साहेब,” मुकुंद तत्काळ म्हणाला. “माझ्या हातून. अर्ध्या किलोचा.”

“नुसता पडला?”

“सुटला हातातून.”

“आणि त्यानं सांधा उकलला?”

“हो.”

केंभावींनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी गालिच्याचा पदर छातीशी धरून उभाच होतो.

“शास्त्रीजी, तुम्ही रोज जाता ना शेडमध्ये. तुम्ही बघितलं का हे कसं झालं?”

तीन घाव माझ्या दोन्ही मनगटांना आठवत होते. तिसरा किती जोराचा होता, हे जगात माझ्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. एक वाक्य बोलायचे होते. बाबालाल माझ्याकडे पाहत होता, हमाल पाहत होते. एकटा मुकुंदच पाहत नव्हता. त्याने मान फिरवली होती, जणू परीक्षेत बसलेल्या मुलाची पाटी दिसू नये म्हणून.

“मला यंत्रातले काही कळत नाही,” मी म्हणालो.

वाक्य खरे होते. त्यात एकही अक्षर असत्य नव्हते.

केंभावी उठले. त्यांनी हमालांना सांगून गालिचा पूर्ण काढवला आणि पुन्हा वजन करवले. काटा चारशे अठ्ठ्याण्णव आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो आकडा मोठ्याने वाचला, मुकुंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि संथपणे म्हणाले, “वजन तुमचं बरोबर आहे, मुकुंदराव. पण अर्ध्या किलोचा हातोडा हातातून सुटून जी गाडी उकलते, तिच्यात मी दुसऱ्यांची पोरं कशी बसवू, सांगा.”

“खरं आहे,” मुकुंद म्हणाला.

ते गेले. मुकुंदाने गाडी काट्यावरून उतरवायला हात लावला.  माझ्या मुठीत गालिच्याचा पदर तसाच होता. बाबालालने जवळ येऊन तो हळूच सोडवून घेतला.

वखारीबाहेरच्या नळावर मी हात धुतले. गूळ निघाला, पण रबराचा तो वास बोटांना राहिला. लाल केस नखांत अडकले होते. मी ते एकेक काढीत होतो तेव्हा बाबालाल शेजारी येऊन उभा राहिला.

“चिकटवला का न्हाई, इचारा की,” तो म्हणाला.

मी नखातला केस ओढीत राहिलो.

“म्या म्हटलं, सोल्युशन लावू का मालक? तर म्हणाले, बटणं लाव. काट्यावर काढायचा हाय. केंभावी सायबास्नी सगळं दावायचं हुतं त्येंना. पट्टी, नारळ, समदं. नवी गाडी तीन म्हयन्यांत देतो, या जागी जाड पत्रा घालून देतो, असं सांगनार हुते. गालिचा सायबासाठी न्हवता, शास्त्रीबुवा. तुमी रोज अनवाणी बसता न्हवं का त्यात. तुमास्नी दिसू ने म्हून हुता.”

“मग त्याने काढला का नाही?”

“तुमी आला की.”

नळ वाहत होता.  तो बाबालालनेच बंद केला.

पाठशाळेत नऊ रस शिकवताना जुगुप्सा हा शब्द मी शेकडो वेळा समजावून सांगितला होता. रक्त, मांस, कुजलेले अन्न, अशी ठरावीक उदाहरणे देत असे. घाण समोर असते आणि आपण तिच्यापासून दूर उभे असतो, अशीच माझी समजूत होती. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन मोरीवर उलटी केली. पोटात काहीच नव्हते. मुकुंद मागून आला. त्याने माझे कपाळ तळहाताने धरले, जसे मी त्याचे लहानपणी धरीत असे, आणि नंतर तांब्यातले पाणी ओतून मोरी धुतली.

त्याच वेळी बोलायला हवे होते. केंभावींना पत्र लिहिता आले असते. बेळगाव काही सातासमुद्रापार नव्हते. मी तीन वेळा कागद घेतला. तीनही वेळा ‘आपणांस विदित असेल’ इथपर्यंत शुद्ध, वळणदार अक्षर उमटले आणि पुढे लेखणी चालेना. माझे शिष्य हे ऐकतील, पाठशाळेत चर्चा होईल, एका शास्त्र्याने नारळ आपटून गाडी फोडली असे लोक हसत सांगतील. ही भीती एवढीशी होती. तिच्यापुढे मुकुंदाची सहा वर्षे हरली.

मुकुंद पंपांचे सुटे भाग कातू लागला. ती गाडी शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिली. आमचे बोलणे पूर्ववत सुरू झाले, ते त्यानेच केले. हातोड्याचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही. मला कळले आहे हे त्याला कळले होते की नाही, तेही मी कधी विचारले नाही. सव्वीस वर्षे झाली.

त्या वजनानंतरच्या पुढच्याच वर्षी खंडेनवमीला मी शेडमध्ये जाणार नव्हतो. सकाळीच तो स्नान करून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, “काका, पूजा तुम्हीच सांगायची.”

मी गेलो. हातोड्या, कानशी, पाने, सगळे पाटावर मांडले होते. गाडीवरची ताडपत्री काढून तिला झेंडूची माळ घातली होती. आत गालिचा नव्हता. पत्रा पुसून लखलखीत केला होता, आणि उजव्या कोपऱ्यातली ती पट्टी, अकरा रिबिटांची, उघडी होती.

पूजा सांगताना माझा स्वर दोनदा चुकला. नारळाची वेळ आली तेव्हा मी मान वर केली. मुकुंद उठून बाहेर गेला आणि दारातला तो दगड दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन आला. तो त्याने आधीच धुवून, घासून, कोरडा करून ठेवला होता. गाडीपासून दोन हात दूर, माझ्या उजव्या गुडघ्याशी त्याने तो ठेवला, त्यावर हळदकुंकू वाहिले आणि माझ्याकडे न पाहता आपल्या जागी जाऊन हात जोडून बसला.

नारळ एकाच घावात फुटला.